नांदूरमध्यमेश्वरला पक्षीगणना शिकायचीय? मग हे वाच

मोठ्या लेन्सच्या मागे आत्ताच लागू नकोस, साधी दुर्बीण आणि एक वही बास. नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, 2020 ला जाहीर झालं, पण मुळात ते गोदावरी-कादवेच्या संगमापाशी बंधारा बांधल्यावर मागे गाळ साचून तयार झालंय, म्हणजे पाणी सोडलं की पातळी बदलते आणि पातळी बदलली की पक्षी पण जागा बदलतात, त्यामुळे प्रत्येक नोंदीत वेळेबरोबर पाणी किती होतं, चिखल उघडा पडलेला का, जलपर्णी कुठवर आलीय हे लिहायचंच. नुसत्या नावांच्या यादीचा अभ्यासाला फार उपयोग होत नाही रे.

वारकरी (कूट) नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांचा मोठा थवा दिसला तर आधी दहा पक्षी नीट मोज, तेवढा गठ्ठा नजरेत बसव नि त्याच मापाने पुढे सरक. एखादा पक्षी ओळखू नाही आला तर 'अनोळखी बदक' लिही, चालतं.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तेव्हा जाणत्या माणसासोबत जोडी लाव. खाणगाव थडी, चापडगावच्या मच्छीमारांशी बोलत जा, पाण्याची खबर त्यांना पहिली असते. आणि प्लीज, फोटोसाठी थवा उठवू नको, मध्य आशियातून उडून आलेत ते, इथे त्यांना खायचंय आणि विश्रांती घ्यायचीय.