कादंबरीवर गाव चालतं का?

प्रश्न : ताई, माझा मुलगा सिएटलजवळ राहतो. सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय. चौदा वर्षांच्या नातीचा हट्ट आहे, ‘आजी, ट्वायलाइटमधलं फोर्क्स बघायचंच!’ ह्यांचं म्हणणं, रक्तपिशाच्चांच्या खोट्या गोष्टीपायी चार तास गाडीत कशाला बसायचं? तिथं बघण्यासारखं काही आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जा, नक्की जा. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे गेले होते, तेव्हा मीही जाऊन आले. वाटेत क्रेसेंट तलाव लागतो, तिथंच निम्मा शीण उतरतो.

फोर्क्स हे जेमतेम साडेतीन हजार वस्तीचं, लाकूडतोडीवर जगलेलं गाव. १९९० मध्ये तिथल्या जुन्या जंगलातल्या ठिपकेदार घुबडाला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि सरकारी जंगलातली तोड जवळजवळ थांबली. माणसांची कामं यंत्रं आधीपासूनच घेत होती. घुबड वाचायलाच हवं होतं, पण करवतीवर ज्यांची चूल पेटायची त्यांनी काय करायचं? गावातल्या लाकूड-संग्रहालयात दोघांनी ओढायची करवत आहे, माझ्या उंचीपेक्षा लांब. तिच्या मुठी हात लागून लागून गुळगुळीत झाल्यात. तुमच्या ह्यांना ती आवर्जून दाखवा.

‘ट्वायलाइट’ कादंबरीच्या लेखिका स्टेफनी मायर यांना गोष्टीसाठी भरपूर पावसाचं ठिकाण हवं होतं. इंटरनेटवर शोधताना त्यांना फोर्क्स सापडलं, आणि गाव न बघताच त्यांनी लिहायला घेतलं. तिथं पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, पण आपल्यासारखा चार महिन्यांचा नाही. बहुतेक वर्षभर रिपरिप. २००५ मध्ये कादंबरी आली, २००८ मध्ये सिनेमा. २०१० साली पाहुण्यांचा आकडा सत्तर हजारांवर गेला! कादंबरी येण्याआधीचे आकडे याच्या पासंगालाही पुरणार नाहीत.

खरं तर सिनेमाचं चित्रीकरण तिथं झालंच नाही. तरी माणसं आली, कारण गावानं गोष्ट मनापासून आपली मानली. नायिकेचा तो जुना लाल ट्रक माहिती केंद्राबाहेर उभा केला. इस्पितळात कथेतल्या डॉक्टरच्या नावानं गाडीची जागा राखून ठेवली. तेरा सप्टेंबर हा नायिकेचा वाढदिवस, त्या सुमारास उत्सव असतो. तुम्ही त्याच दिवसांत जाणार असाल तर खोली आत्ताच सांगून ठेवा.

म्हणून कादंबरीनं गाव तारलं असं मात्र मी म्हणणार नाही. हॉटेलातली नोकरी म्हणजे जंगलातली मजुरी नव्हे, आणि पाहुणे हंगामी. तरी भरलेलं खानावळीचं टेबल, उघडं दुकान हे त्या गावाला फार मोलाचं आहे.

एक विनंती मात्र कळकळीची. पंचवीसेक किलोमीटरवर ला पुश आहे, क्विलयूट आदिवासींचं गाव. कादंबरीनं त्यांना नरलांडगे केलं. लांडग्यांपासून आपली उत्पत्ती झाली ही त्यांची स्वतःची, फार जुनी कथा. तिचं भलतंच काहीतरी झालं, आणि त्यांच्या नावावर विकल्या गेलेल्या वस्तूंचा पैसा त्यांच्यापर्यंत फारसा पोचला नाही. मला हे फार लागलं. नातीला ते समजावून सांगा, तिला कळेल. एक रात्र तरी जमातीच्या स्वतःच्या विश्रामगृहात राहा, म्हणजे पैसे थेट त्यांना मिळतील. दफनभूमीकडे कॅमेरा नेऊ नका. पहाटे किनाऱ्यावर जा. वाहून आलेले अख्खे ओंडके वाळूत पडलेले असतात, त्यावर बसून समुद्र बघा. रेनकोट न्या, त्या वाऱ्यात छत्री टिकत नाही.