शिनाण्यांची पिल्लं येतात कुठून, जातात कुठे?

प्रश्न : शिनाण्यांत (खडकाला चिकटून राहणारे दोन शिंपांचे जीव, इंग्रजीत मसल) नर-मादी वेगळे असतात का? बाहेरून तर सगळे सारखेच दिसतात.

असतात, पण कवच उघडल्याशिवाय कळत नाही. प्रजननाच्या हंगामात आतलं मांस बघा. बहुतेक जातींत नराचं दुधाळ पांढरं असतं, मादीचं नारिंगी.

प्रश्न : खडकाला चिकटून बसलेला जीव मीलन करतो कसा?

करतच नाही. नर शुक्राणू पाण्यात सोडतो, मादी अंडी. गाठ पडायची ती पाण्यातच. एकाने सुरुवात केली की पाण्यातल्या त्या खुणेने शेजारीपाजारीही सोडू लागतात. निळ्या शिनाण्याची मोठी मादी ५० लाखांहून जास्त अंडी सोडू शकते. एवढी उधळपट्टी लागतेच, कारण त्यातली जवळपास सगळी कुणाच्या तरी पोटात जातात.

प्रश्न : शिनाणे वाढवायला समुद्रात सोडलेल्या दोरीवर बारीक पिल्लं भरपूर चिकटली होती. काही आठवड्यांनी पाहिलं तर निम्मी गायब! मेली का?

काही मेली असतील, काही माशांनी खाल्ली असतील. पण बरीचशी घर बदलून गेली असणार, आणि हे फार कुणाच्या लक्षात येत नाही.

अंड्यातून निघालेली अळी साधारण तीन-चार आठवडे प्रवाहाबरोबर तरंगते. पाणी थंड असेल तर आणखी रेंगाळते. पाव मिलिमीटरची झाली की तिला पाय फुटतो. भिंगाखाली हा पाय जिभेसारखा दिसतो. तो बाहेर येतो, इकडेतिकडे चाचपतो, एका जागी टेकतो. थोड्या वेळाने उचलला की मागे एक धागा राहिलेला असतो. पायाच्या खाचेत प्रथिनांचा रस भरून तिथेच तो घट्ट होतो, साच्यात ओतावा तसा.

पण हा पहिला मुक्काम बहुधा शेवाळाच्या तंतूंवर किंवा तशाच केसाळ वस्तूवर. तिथे एक-दोन मिलिमीटर वाढली की पिल्लं ते धागे सोडतात, एक लांब, केसाहून बारीक तंतू काढतात आणि त्याच्या आधाराने प्रवाहावर निघतात. कोळ्याची पिल्लं वाऱ्यावर उडतात ना, अगदी तशी. मग मोठ्यांच्या वस्तीत शिरतात. मात्र काही पिल्लं हा टप्पा गाळून थेट मोठ्यांमध्येही उतरतात.

प्रश्न : खडकावर शिनाण्यांचा ठरावीक पट्टाच का दिसतो?

वर ऊन आणि कोरडेपणा मारतो, खाली शत्रू. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी १९६३पासून एका जागचे, शिनाणे खाणारे तारामासे उचलून फेकायला सुरुवात केली, तर शिनाणे खालच्या बाजूला पसरत गेले.

प्रश्न : पिल्लं धरायला दोरी कशी हवी?

खरबरीत, तंतू सुटलेली. गुळगुळीत दोरी वाया जाते. अळ्या उतरायच्या थोडे दिवस आधी पाण्यात सोडा, म्हणजे तिच्यावर जिवाणूंचा पातळ बुळबुळीत थर चढतो आणि तो पिल्लांना मानवतो. फार आधी सोडलीत तर दुसरेच जीव जागा बळकावतील.