वाचकांचे प्रश्न : बाझेलच्या आधी काय होते?

प्रश्न : ज्यू राष्ट्रवादी संघटनांचा इतिहास १८९७ च्या बाझेल (स्वित्झर्लंड) इथल्या पहिल्या झायनवादी अधिवेशनापासूनच सांगतात. त्याआधी काहीच नव्हते का? आणि हे ‘शेकेल’ काय प्रकरण होते?

उत्तर : होते, पण विस्कळीत. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला आणि दक्षिण रशियात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या. त्यानंतर ठिकठिकाणी पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंनी वस्ती करावी म्हणणारी ‘होव्हेव्हे झायन’ (‘झायनचे प्रेमी’) मंडळे निघाली. रशियात ती बेकायदा, म्हणून लिओ पिन्स्कर यांच्या पुढाकाराने १८८४ ची परिषद सरहद्दीपलीकडे, तेव्हा प्रशियात असलेल्या कॅटोविट्झला भरली. सरकारी परवानगी मिळाली ती १८९० मध्ये, तीही ओडेसातल्या समितीला, पॅलेस्टाईन-सीरियातल्या ज्यू शेतकरी-कारागिरांना मदत करणारी संस्था म्हणून. वर्गणी तुटपुंजी. त्यामुळे तिकडच्या बऱ्याच वसाहती पॅरिसच्या एडमंड रॉथशिल्ड यांच्या पैशावर तगल्या आणि कारभारही त्यांच्या कारकुनांच्या हाती गेला.

बाझेल अधिवेशन भरवणाऱ्या थिओडोर हर्झल यांना असे दानावर चालणारे काम नको होते. अधिवेशन खरे तर म्युनिकला ठरले होते. तिथल्या ज्यू समाजानेच विरोध केल्याने ते बाझेलला न्यावे लागले. प्रतिनिधी सुमारे २००. पोशाख काळा टेलकोट आणि पांढरा टाय; वेगळा कोट घालून आलेले सहकारी माक्स नोर्डाऊ यांना हर्झलनी कपडे बदलायला लावले! हा थाट वायफळ नव्हता, जगाने या सभेला संसद मानावे असा त्यांचा हिशेब होता.

या संसदेचा मतदार ठरवायचा तो शेकेल. वार्षिक वर्गणी, जर्मनीत १ मार्क. ती भरली की मताचा हक्क, सुरुवातीला शंभर शेकेलदारांमागे एक प्रतिनिधी. मत शेकेलवर मिळे, देणगीवर नाही.

चळवळीला स्वतःची बँकही हवी होती, तिचे मात्र अडले. १८९९ मध्ये लंडनला ‘ज्युइश कलोनियल ट्रस्ट’ नोंदली गेली, भांडवल ठरवले २० लाख पौंड. पण बडे ज्यू सावकार फिरकलेच नाहीत. एकेका पौंडाचे शेअर घेतले ते मुख्यतः पूर्व युरोपातल्या सामान्य लोकांनी, तेही पुष्कळदा हप्त्याने. त्यातले अडीच लाख पौंड जमायलाच १९०२ उजाडले.

प्रश्न : ‘बुंड’ ही झायनवादी, म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचे मायदेश हवे म्हणणारी, संघटना होती का?

उत्तर : नाही, कट्टर विरोधक. तीही १८९७ चीच, ऑक्टोबरात व्हिल्नात (आजचे विल्नियस) स्थापन झालेली कामगारांची समाजवादी संघटना. पुढे तिने ज्यूंसाठी सांस्कृतिक स्वायत्तता मागितली, पण जिथे राहतो तिथेच आणि यिडिश भाषेत.