ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळलं की हात उलटे का पडतात, आणि त्यावरचा सराव

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: हॉलमध्ये ड्रोन आपोआप भिंतीकडे का सरकतो, त्याचं तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं का चुकतं, आणि ड्रोनला आपोआप परत आणणारं ‘रिटर्न टू होम’चं बटण असताना परत आणायचा सराव करायची गरज आहे का. तिन्हींचं मूळ एकच आहे. जीपीएसवाला ड्रोन रिमोटच्या स्टिक (दांड्या) सोडल्या तरी हवेत जागच्या जागी उभा राहतो, त्यामुळे आपल्याला उडवता येतं असं वाटायला लागतं. खरं तर तेव्हा त्याला सेन्सरनी धरून ठेवलेलं असतं. सेन्सर गडबडले की सगळा भार तुमच्या बोटांवर येतो, म्हणून आधी बोटं तयार करायची.

हॉलचं आधी सांगतो. छताखाली जीपीएस मिळत नाही. मग ड्रोन पोटाखालच्या कॅमेऱ्याने फरशीवरच्या खुणा बघून जागा धरतो. फरशी एकरंगी, चकचकीत असेल किंवा उजेड कमी असेल तर त्याला धरायला खूणच सापडत नाही आणि तो वाहायला लागतो. शिवाय पात्यांनी खाली ढकललेली हवा भिंतीवर आपटून पुन्हा त्याच्याच अंगावर येते. खोली जितकी लहान तितका त्रास जास्त. घरात उडवायचाच असेल तर प्रॉप गार्ड (पात्यांभोवतीचं संरक्षक कडं) लावा, दिवे लावा आणि खाली जाड, नक्षीची सतरंजी अंथरा. पातळ चादर नको, ती वाऱ्याने उचलली जाऊन पात्यांत अडकते. कंपास कॅलिब्रेशन, म्हणजे ड्रोनमधलं होकायंत्र जुळवून घेणं, मात्र घरात, गच्चीवर किंवा गाडीजवळ कधीच करू नका. स्लॅबमधल्या सळ्या आणि गाडीचं लोखंड होकायंत्राला फसवतं, मग मैदानात ड्रोन एका जागी थांबण्याऐवजी मोठी होत जाणारी गोल चक्करं मारू लागतो.

शिकायची खरी जागा म्हणजे मोकळं, माणसं नसलेलं मैदान. साधारण ५० मीटर लांब-रुंद पुरे. वेळ सकाळची, वारा पडलेला असताना. ड्रोन तुमच्यापासून ४-५ मीटरवर, शेपूट तुमच्याकडे करून ठेवा. बहुतेक रिमोट मोड २ चे असतात: डावी स्टिक वर-खाली केली की उंची, डावी-उजवीकडे केली की ड्रोन जागेवर वळतो; उजवी स्टिक त्याला पुढे-मागे आणि आडवा नेते. ड्रोन २ मीटरच्या वर नेऊन मग थांबवा. जमिनीलगत स्वतःच्याच हवेने तो डुलतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. शेपूट तुमच्याकडे असते तेव्हा त्याचं उजवं ते तुमचं उजवं. तोंड तुमच्याकडे झालं की त्याचं उजवं तुमच्या डावीकडे येतं. शांतपणे विचार केला तर हे कळतं, पण घाईत कळत नाही, आणि ड्रोन झाडाकडे सरकत असताना विचाराला वेळ नसतो. त्यासाठी एक युक्ती पक्की करा. तोंड तुमच्याकडे असताना ड्रोन ज्या बाजूला घसरतोय, स्टिक त्याच बाजूला हलकेच द्या, पडणाऱ्या वस्तूला त्या बाजूने टेकू द्यावा तशी. डावीकडे घसरतोय, स्टिक डावीकडे; तो थांबतो आणि उजवीकडे परत येतो. त्याची डावी म्हणजे तुमची उजवी, हे गणित तेव्हा डोक्यात करावंच लागत नाही.

सराव या क्रमाने करा. पहिली बॅटरी शेपूट आपल्याकडे ठेवून फक्त एका जागी थांबण्यात घालवा. मग ड्रोन ९० अंश वळवून बाजू आपल्याकडे करा आणि थांबवा, आणि त्यानंतर तोंड आपल्याकडे. ही तिसरी स्थिती सलग एक मिनिट जमेपर्यंत पुढे जाऊ नका. इथे घाई केलेली माणसं नंतर झाडांत ड्रोन शोधत फिरतात. मग चौकोन, मग इंग्रजी आठचा आकडा. गोंधळ झालाच तर दोन्ही स्टिक सोडा. जीपीएसवाला ड्रोन थांबेल, तेवढ्या वेळात त्याचं तोंड कुठे आहे ते बघा. या काळात कॅमेरा आणि मोबाईलचा स्क्रीन विसरा, नजर ड्रोनवरच हवी.

रिटर्न टू होम भरवशाचं आहे, पण तीन अटींवर. उड्डाणाआधी पुरेसे उपग्रह मिळून घरबिंदू (ड्रोनने परत यायची जागा) नोंदला गेल्याची सूचना यायला हवी. घाईने उडवलात तर तो बिंदू चुकीच्या जागी पडू शकतो. परतीची उंची आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा किंवा इमारतीपेक्षा किमान १० मीटर जास्त ठेवा, कारण बऱ्याच छोट्या ड्रोनना अडथळे दिसत नाहीत. तिसरी अट वाऱ्याची, आणि तीच जास्त ड्रोन घालवते. समजा ड्रोनचा वेग सेकंदाला १० मीटर आहे आणि वर वारा ६ चा आहे. वाऱ्याच्या दिशेने ४०० मीटर तो २५ सेकंदांत जातो. परत येताना वेग ४ च राहतो आणि तेच अंतर १०० सेकंदांचं होतं. जमिनीवर झुळूक असली तरी वर वारा जोराचा असतो. म्हणून जाताना नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे येताना वारा ढकलत आणेल. आणि घरात हे बटण दाबू नका. खिडकीजवळ जीपीएस मिळालेला असेल तर ड्रोन सरळ छताला जाऊन धडकू शकतो.

बॅटरी ३० टक्क्यांवर आली की ड्रोन जमिनीवर असला पाहिजे. बॅटरीतला प्रत्येक लिथियम पॉलिमर सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो आणि शेवटाकडे व्होल्टेज एकदम कोसळतं. थंडीत तर आणखी लवकर. काही दिवस वापरणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून द्या. फुगलेली बॅटरी चार्जही करू नका.

उंचावरून सरळ खाली वेगाने आणू नका. ड्रोन स्वतःच ढवळलेल्या हवेत शिरतो, थरथरतो आणि खचतो. थोडं पुढे सरकत तिरपा उतरवा.

पाती प्रत्येक उड्डाणाआधी बघा. कडेवरून नख फिरवा. कुठे अडकलं तर तिथे खाच आहे, ते पातं बदला. पाती दोन प्रकारची असतात, दोन घड्याळाच्या दिशेने आणि दोन उलट फिरणारी, खुणा जुळवूनच बसवा. एक जरी चुकलं तर ड्रोन उचलतानाच उलटतो. पडल्यावर मोटरा थांबल्याची खात्री झाल्याशिवाय जवळ जाऊ नका. बऱ्याच मॉडेलमध्ये दोन्ही स्टिक खाली आणि आतल्या बाजूला धरल्या की मोटरा बंद होतात. तुमच्या मॉडेलची रीत मॅन्युअलमध्ये बघून, ड्रोन जमिनीवर असताना चार-पाच वेळा करून ठेवा. काही मॉडेलमध्ये ती हवेतही चालते, म्हणून उडताना चुकूनही स्टिक तशा धरू नका.