युरिया वाढवूनही उसाचं टनेज घसरतंय, रासायनिक खत एकदम बंद करू का?

तुम्ही लिहिलंय की हातकणंगले तालुक्यात वडिलांचा दोन एकर ऊस आहे, एकरी पंचेचाळीस टनांवरून तीसवर आलाय, युरियाची पोती मात्र दरवर्षी वाढतायत, आणि आता सगळं सोडून सेंद्रियकडं वळावं असं वाटतंय. माझं रान शिरोळ तालुक्यात, याच दुखण्यातून गेलेलं. खत एका हंगामात बंद करू नका. ऊस उपाशी राहील आणि वडिलांचा सगळ्यावरनंच विश्वास उडेल. आधी रानातलं पाणी बघा.

मी एका एप्रिलात खोऱ्यानं दोन फूट खड्डा काढला होता. वर ढेकळांवर मिठासारखी पांढरी साय, आणि खाली माती लोण्यासारखी ओली, कुजका वास येणारी. उसाची मुळं एक फुटावर जाऊन आडवी वळलेली. लाईट रात्रीची, त्यामुळं मोटर चालू करून आम्ही झोपायचो आणि पाणी पहाटेपर्यंत सरीत उभं. आपल्या खोल काळ्या रानाला निचरा मुळातच कमी. साठलेलं पाणी वर चढतं, त्याच्याबरोबर क्षार चढतात, पाणी उडून जातं आणि क्षार मुळापाशी राहतात. अशा रानात टाकलेलं खत पिकाला लागतच नाही.

आता इथं लोक फसतात. पांढरं दिसलं की जिप्सम (जमीन सुधारायची खनिज भुकटी) टाका असा सल्ला दुकानात सरसकट मिळतो. माती परीक्षणात सामू (पीएच) 8.5 च्या आत आणि क्षारता (ईसी) 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल, तर जमीन नुसती क्षारयुक्त आहे. तिला जिप्सम नको, क्षार धुऊन बाहेर जायला वाट हवी. सामू 8.5 च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना धरून बसलेला) 15 टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण. तिथं जिप्सम लागतं, पण निचऱ्याशिवाय तेही वाया. निचऱ्याचे सच्छिद्र पाईप जमिनीखाली एकट्यानं घालून भागत नाही, कारण पाणी शेजाऱ्याच्या बांधावर सोडता येत नाही, ते ओढ्यापर्यंत न्यावं लागतं. आमच्याकडं दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी गटानं हे काम केलं. तुमच्या शिवारात चार शेजारी तयार होतात का बघा.

दुसरी गोष्ट पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. ही मला जिवापाड महत्त्वाची वाटते. तोड झाली की संध्याकाळी काडी लावायची, आमच्या घरात पिढ्यांची सवय. रान स्वच्छ दिसतं म्हणून आईला तेच आवडायचं. पण एकरी तीन-चार टन पाचट म्हणजे फुकटात मिळालेलं सेंद्रिय खत, आणि आपण त्याचा धूर करतो. खोडव्यात (तोडीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या उसात) बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा. टनभर पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्या. पाणी पुढं सरकत नाही अशी तक्रार होईल, मग एक सरी आड पाचट ठेवा. पहिल्या वर्षी मला फरक दिसला नाही, वाईट वाटलं. तिसऱ्या वर्षी पाचट बाजूला केलं तर खाली गांडुळांच्या विष्ठेचा रवाळ थर होता, बोटांनी उकरता येणारा. त्या वर्षी पाण्याच्या पाळ्याही कमी लागल्या.

खोडवे दोनच्या पुढं ओढू नका. मधे सोयाबीन, हरभरा घ्या, किंवा ताग पेरून पन्नास दिवसांच्या आत फुलोऱ्यात गाडा. जिवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं पाणी) मीही देतो, पण तेवढ्यावर ऊस निघेल या भरवशावर राहू नका. खताची मात्रा अहवाल बघून टप्प्याटप्प्यानं कमी करा.

नमुना लागणीच्या आधी, खत टाकण्यापूर्वी घ्या. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा 22 सेंटीमीटर खड्डा, उकिरडा, बांध आणि झाडाची सावली सोडून. माती एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन काढून टाकत शेवटी अर्धा किलो ठेवा. पाणथळ तुकड्याचा नमुना वेगळा. आणि वडिलांना बरोबर न्याच, रानात पाणी कुठं उभं राहतं हे त्यांना डोळे झाकून सांगता येईल. सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब, हे तीन आकडे आले की इथंच लिहा, मी बघतो.