'कर्क' की 'किर्क'? स्कॉटलंडच्या चर्चला मराठीत काय म्हणावे

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: जुन्या मुंबईच्या वर्णनांत काळा घोड्याजवळच्या सेंट अँड्र्यूज चर्चचा उल्लेख 'स्कॉच कर्क' असा आढळतो; हे 'कर्क' चर्चपेक्षा निराळे काही आहे का, आणि मराठीत हा शब्द कसा लिहावा?

व्युत्पत्तीने पाहिले तर दोन्ही शब्द एकच आहेत. 'प्रभूचे' या अर्थाचा 'किरिआकॉन' हा ग्रीक शब्द प्रभूच्या घरासाठी रूढ झाला आणि जर्मानिक भाषांत फार लवकर शिरला. दक्षिण इंग्लंडमध्ये त्यातील दोन्ही 'क' तालव्य होऊन 'चर्च' झाले. उत्तरेकडे, जेथे नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या, बोलीचा पगडा होता, तेथे ते 'क'च राहिले. याच नियमाने इंग्रजीतील 'चेस्ट' म्हणजे पेटी स्कॉट्स, म्हणजे स्कॉटलंडमधील इंग्रजीच्या भगिनीभाषेत, 'किस्ट' असते आणि 'बर्च' हे झाड 'बिर्क' असते. स्कॉट्स बोलणारा मनुष्य 'इ' ऱ्हस्व उच्चारतो आणि 'र' स्पष्ट वाजवतो. त्यामुळे 'किर्क' हेच लेखन मला योग्य वाटते. 'कर्क' लिहिले की मराठी वाचकाला आधी खेकडा, मग रास आणि मग कर्कवृत्त आठवते, ही अडचण वेगळीच.

स्कॉटलंडमध्ये मात्र किर्क हा एकटा शब्द नव्हता. कोलंबा हा ख्रिस्ती साधू ५६३ मध्ये आयर्लंडहून स्कॉटलंडच्या आयोना बेटावर आला, त्याच्या परंपरेतील गेलिक (आयर्लंड-स्कॉटलंडची केल्टिक भाषा) भाषकांचा शब्द 'एग्लिश' होता. तो लॅटिन 'एक्लेसिया'वरून आला, आणि लॅटिनने तो ग्रीकमधून घेतला, जेथे त्याचा अर्थ 'बोलावून जमवलेली सभा' असा होता. पोर्तुगीजांचा याच कुळातील शब्द गोव्यात येऊन कोकणीत 'इगर्ज' झाला. फॉल्किर्क या गावाच्या नावात हे सारे थर एकाखाली एक सापडतात. गेलिकमध्ये त्या गावाला 'ठिपक्याठिपक्यांचे चर्च' या अर्थाचे नाव होते. लॅटिन लेखकांनी त्याचे 'वारिया कापेल्ला' केले, फ्रेंच लिहिणाऱ्यांनी आपल्या भाषेत तेच उतरवले, आणि स्कॉट्स बोलणाऱ्यांनी 'फॉ', म्हणजे चित्रविचित्र रंगांचे, हे विशेषण किर्कला जोडले. भाषा बदलल्या, पण प्रत्येक वेळी लोकांनी अर्थ समजून घेऊन नाव नव्याने घडवले. येथे एक सावधगिरी हवी. किर्कॉडी या गावाच्या नावाचे इंग्रजी लेखन किर्कसारखे दिसत असले, तरी त्या नावाचा उगम 'गढी' या अर्थाच्या जुन्या ब्रिटॉनिक (वेल्शच्या पूर्वज भाषेतील) शब्दात आहे.

आता अर्थाकडे वळू, कारण प्रश्नाचा खरा गाभा तेथे आहे. १५६० मध्ये स्कॉटिश संसदेने पोपची सत्ता नाकारली, धर्मसुधारक जॉन नॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नव्या चर्चची मांडणी केली, आणि तेव्हापासून 'द किर्क' म्हटले की दगडी इमारतीइतकीच एक शासनपद्धती डोळ्यांपुढे येऊ लागली. गावपातळीवर पाळक आणि निवडलेले वडीलधारे यांची बैठक, म्हणजे किर्क सेशन, तिच्यावर प्रेसबिटरी, म्हणजे आसपासच्या चर्चच्या पाळकांची आणि वडीलधाऱ्यांची सभा, सर्वांत वर जनरल असेंब्ली, म्हणजे साऱ्या देशाची सभा. बिशप असावेत की नसावेत, यावर पुढची १३० वर्षे रक्त सांडले आणि १६९० मध्ये बिशपविरहित व्यवस्था कायम झाली. किर्क सेशनचा वचक किती होता, ते पाहायचे असेल तर १७८६ मधील मॉक्लिन गाव आठवावे: विवाहबाह्य संबंधाबद्दल कवी रॉबर्ट बर्न्सला तेथे भर उपासनेत, साऱ्या गावादेखत, उभे राहून पाळकाचे ताशेरे ऐकावे लागले.

म्हणूनच या चर्चला 'अँग्लिकन' म्हणणे चूक आहे. इंग्लंडच्या चर्चचा, म्हणजे अँग्लिकन चर्चचा, सर्वोच्च शासक राजा असतो. किर्कमध्ये राजाला तसे स्थान नाही. १५९६ मध्ये फॉकलंड राजवाड्यात किर्कचा पुढारी अँड्रू मेल्व्हिल याने स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याची बाही धरून त्याला सुनावले, की स्कॉटलंडमध्ये दोन राजे आणि दोन राज्ये आहेत, आणि ख्रिस्ताच्या राज्यात जेम्स हा राजाही नाही, प्रमुखही नाही, केवळ एक सदस्य आहे. त्याच वेळी त्याने राजाला देवाचा 'सिली' सेवक म्हटले. आजच्या इंग्रजीच्या भरवशावर याचे 'मूर्ख सेवक' असे भाषांतर केले जाण्याचा धोका आहे. त्या काळी 'सिली'चा अर्थ 'दुबळा, बापडा' असा होता, आणि मेल्व्हिलचा रोख तोच होता.

मराठीने या बाबतीत चांगली सोय करून ठेवली आहे, असे मला मनापासून वाटते. मराठी बायबलमध्ये एक्लेसियासाठी 'मंडळी' हा शब्द आहे आणि प्रेसबिटरसाठी, म्हणजे चर्चच्या वडीलधाऱ्यांसाठी, 'वडील'. आपल्या रोजच्या बोलण्यात 'मंडळी' हे जमलेल्या माणसांचे समूहवाचक नाम आहे, ते आपण सहसा मोजत नाही. ख्रिस्ती मराठीत मात्र 'एक मंडळी, सात मंडळ्या' अशी गणती होते. किर्कची घडण सांगताना हा शब्द फार उपयोगी पडतो.

मुंबईच्या इतिहासातही त्याची गरज लागते. १८१३ च्या सनदी कायद्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने स्कॉटिश पाळकांची नेमणूक सुरू केली आणि काळा घोड्याजवळचे ते किर्क उभे राहिले. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईत आले. १८३२ मध्ये त्यांनी काढलेल्या शाळेचे पुढे विल्सन कॉलेज झाले. मे १८४३ मध्ये एडिंबरोला किर्क दुभंगले. गावाचा पाळक कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. थॉमस चामर्स यांच्यासह चारशेहून अधिक पाळक घर, पगार आणि इमारती सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. विल्सन आणि त्यांचे मुंबईतील सहकारीही त्यांच्या बाजूला गेले.

तेव्हा माझे मत असे: इमारतीविषयी बोलताना 'चर्च' पुरेसे आहे, १५६० नंतरच्या त्या विशिष्ट राष्ट्रीय संस्थेसाठी 'किर्क' लिहावे आणि पहिल्या उल्लेखात 'स्कॉटलंडचे प्रेसबिटेरियन चर्च' असा खुलासा द्यावा, माणसांविषयी बोलताना 'मंडळी' म्हणावे. १८४३ नंतर स्कॉटलंडच्या कित्येक गावांत एकाच रस्त्यावर दोन चर्च दिसू लागली, हे सांगताना 'गावात दोन मंडळ्या झाल्या' असे लिहिले, तर नेमके काय फुटले ते मराठी वाचकाला लगेच कळते.