प्राचीन ग्रीस आणि रोम : खरी लोकशाही कुठे होती?

तुम्ही विचारलंय, या दोघांत लोकांच्या हाती जास्त सत्ता कुठे होती. आधी एक सांगते, तेव्हा ‘ग्रीस’ असं एक राज्य नव्हतंच. शेकडो नगरराज्यं होती आणि स्पार्टात तर एकाच वेळी दोन राजे गादीवर असत. म्हणून इथे अथेन्सबद्दलच बोलते.

अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात एक फुटका दगड आहे, त्यावर ओळीने बारीक खाचा. न्यायदानाला आलेले नागरिक आपल्या नावाच्या पट्ट्या त्या खाचांत खोचत आणि बाजूच्या नळीतून एकेक गोटी खाली सोडली जाई. पांढरी आली तर ती अख्खी ओळ त्या दिवशी न्यायाला बसणार, काळी आली तर ओळीतले सगळे घरी. त्या दगडासमोर मी बराच वेळ उभी होते. निवडणुकीत पैसेवाला आणि नाववालाच पुढे जातो, हे अथेन्सवाल्यांनी ओळखलं होतं. म्हणून कारभार पाहणारं 500 जणांचं मंडळसुद्धा ते सोडतीने नेमत, तेही एका वर्षापुरतं. 10 सेनापती मात्र मतांनी निवडत. अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याने न्यायाला बसणाऱ्यांना भत्ता सुरू केला, त्यामुळे हातावर पोट असलेल्यालाही तिथे बसणं परवडू लागलं.

सम्राट येण्याआधीच्या रोममध्ये दोन कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, वर्षभरासाठी निवडून येत, पण मतं माणशी मोजत नसत, संपत्तीनुसार पाडलेल्या गटागटाने मोजत, एका गटाचं एक मत. एकूण गट 193. सुरुवातीच्या रचनेत घोडेस्वारांचे 18 आणि सर्वांत श्रीमंत वर्गाचे 80, म्हणजे 98 झाले, आणि बहुमताला 97 पुरत. मतदान वरून सुरू होई आणि बहुमत झालं की थांबे. मालमत्ता नसलेल्या सगळ्यांचा मिळून एकच गट, तोही शेवटी. गरिबाची पाळी बहुतेकदा यायचीच नाही. त्याचा खरा आधार ट्रिब्यून. सामान्यांच्या वतीने तो नकाराधिकार वापरून अधिकाऱ्याचा हुकूम अडवू शके.

एवढं वाचून अथेन्सच उजवं वाटेल. सत्तेच्या बाबतीत मीही तेच म्हणेन. पण नागरिक कोणाला म्हणायचं, तिथे अथेन्स फार कंजूष होतं आणि ते मला मनापासून खुपतं. स्त्रियांना तर दोन्हीकडे मत नव्हतं. इ.स.पू. 451 पासून अथेन्समध्ये आई आणि वडील दोघंही अथेन्सचे असले तरच मुलगा नागरिक. बाहेरून आलेला तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल तिथे तीसेक वर्षं राहिला, शिकला, शिकवलं, आणि कायद्याने परकाच राहिला. मुक्त झालेल्या गुलामाचीही तीच गत.

रोममध्ये नागरिकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम स्वतः नागरिक होई. कवी होरेस अशाच एका मुक्त गुलामाचा मुलगा. इ.स. 212 मध्ये तर सम्राट काराकालाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र लोकांना नागरिकत्व देऊन टाकलं. मात्र त्या मताने कॉन्सल निवडायचे दिवस तोवर कधीच सरले होते.